अल्कोहोलच्या तीन रेषा आणि कुलाब्याचे चुंबक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे रूप ज्या एका तंत्राने मुळापासून बदलले, ते अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे, म्हणजे आज सर्वत्र एनएमआर या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे तंत्र होय. पाश्चात्त्य ग्रंथांत त्याचा इतिहास बहुधा हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि झुरिक या तीन ठिकाणांभोवती फिरतो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. कारण हे तंत्र भौतिकशास्त्रज्ञांच्या हातून रसायनशास्त्रज्ञांच्या हाती ज्या प्रयोगामुळे गेले, त्या प्रयोगाच्या तीन कर्त्यांपैकी एक भारतीय भौतिकशास्त्रज्ञ श्रीनिवास धर्मट्टी हे होते, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभा केला. महाराष्ट्रातील एनएमआरची परंपरा अशा रीतीने परदेशातून तयार झालेले ज्ञान आणून सुरू झाली नाही. ते ज्ञान घडत असतानाच तिचा आरंभ झाला.

या तंत्राच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे. अनेक मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांना परिवलन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा एक अंगभूत गुण असतो, आणि त्यामुळे असे प्रत्येक केंद्र एका अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते. बाहेरून प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले की हायड्रोजनची केंद्रे त्या क्षेत्राच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध अशा दोन अवस्थांत विभागली जातात, आणि फिरत्या भोवऱ्याचा आस कलल्यावर जसा डोलत राहतो तसा त्यांचा आस क्षेत्राभोवती एका ठरावीक कंप्रतेने डोलतो. नेमक्या त्याच कंप्रतेच्या रेडिओलहरी सोडल्या तर केंद्रे ऊर्जा शोषून एका अवस्थेतून दुसरीत जातात; हेच अनुस्पंदन. एक टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनसाठी ही कंप्रता सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झ असते. अडचण एवढीच की दोन अवस्थांतील केंद्रांच्या संख्येत फरक अत्यल्प असतो: ३० मेगाहर्ट्झच्या चुंबकात, नेहमीच्या तापमानाला, दहा लाख केंद्रांमागे तो दोन-तीन केंद्रांपलीकडे जात नाही, आणि मिळणारा सारा संकेत त्या दोन-तिनांचाच असतो. या तंत्राचा पुढचा जवळजवळ संपूर्ण इतिहास म्हणजे या दुबळ्या संकेताशी दिलेली झुंज आहे.

इझिडोर राबी यांनी १९३८ मध्ये रेणूंच्या झोतावर हे अनुस्पंदन प्रथम दाखवले आणि त्याबद्दल त्यांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या घन आणि द्रव पदार्थांत ते मिळवण्याचे काम दुसऱ्या महायुद्धानंतर, रडारच्या संशोधनातून रेडिओतंत्र प्रगत झाल्यावर, दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी झाले. १९४५ च्या डिसेंबरात हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल, हेन्री टोरी आणि रॉबर्ट पाउंड यांनी पॅराफिन मेणात, आणि १९४६ च्या आरंभी स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख, विल्यम हॅन्सन आणि मार्टिन पॅकार्ड यांनी पाण्यात हा संकेत पकडला. पर्सेल व ब्लॉख यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या सर्वांना रसायनशास्त्रात फारसे स्वारस्य नव्हते. त्यांना हवे होते ते निरनिराळ्या अणुकेंद्रांचे चुंबकीय परिबल, म्हणजे त्या सूक्ष्म चुंबकाची ताकद, शक्य तितक्या अचूकपणे मोजणे. धर्मट्टी स्टॅनफर्डला याच कामात होते. हॅरी वीव्हर यांच्याबरोबर त्यांनी गंधकाच्या ३३ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाचे परिबल मोजले, आणि ते मोजमाप १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. या मोजमापांत मात्र एक विघ्न उभे राहिले. १९५० मध्ये वॉरन प्रॉक्टर आणि एफ. सी. यू यांना अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनचे एकाऐवजी दोन वेगळे संकेत मिळाले, आणि त्याच सुमारास डब्ल्यू. सी. डिकिन्सन यांना फ्लोरिनच्या बाबतीत असाच अनुभव आला. एकाच मूलद्रव्याचे केंद्र वेगवेगळ्या संयुगांत वेगवेगळ्या कंप्रतेला प्रतिसाद देत होते. केंद्राचा स्थिरांक मोजू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला ही गोष्ट त्रासदायक होती, कारण त्याचे उत्तर आता कोणते रसायन घेतले यावर अवलंबून राहू लागले. केंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा काही अंश अडवतात आणि केंद्रापर्यंत पोहोचणारे क्षेत्र किंचित कमी होते, हे त्याचे कारण. कंप्रतेतील या फरकाला पुढे रासायनिक विस्थापन म्हणण्यात येऊ लागले.

जेम्स अर्नोल्ड, श्रीनिवास धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांचे मोठेपण असे की त्यांनी हे विघ्न टाळण्याचा प्रयत्न केला नाही, उलट त्याच्याकडेच लक्ष वळवले. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणात त्यांनी इथेनॉल, म्हणजे सामान्य अल्कोहोल, तपासले. नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुक्यातील खांडबाऱ्याच्या परिसरात मोहाच्या फुलांपासून गाळला जातो तो मद्यार्क आणि स्टॅनफर्डच्या नळीत असलेला द्रव यांचा रेणू एकच आहे: दोन कार्बन, एक ऑक्सिजन आणि सहा हायड्रोजन. हे सहा हायड्रोजन मात्र तीन निरनिराळ्या शेजारांत राहतात. तीन टोकाच्या कार्बनवर, दोन मधल्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. चुंबकाचे क्षेत्र नमुन्याच्या सर्व भागांत पुरेसे सारखे ठेवण्यात या तिघांना यश आले तेव्हा हायड्रोजनचा एकसंध वाटणारा संकेत तीन वेगळ्या रेषांत फुटला, आणि त्या रेषांखालील क्षेत्रफळे ३, २ आणि १ या प्रमाणात निघाली. रेणूत हायड्रोजनचे किती प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारचे किती आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे पदार्थाला धक्का न लावता, त्याचे विघटन न करता, एका आलेखातून वाचता आली. रसायनशास्त्राच्या इतिहासात इतक्या साध्या पदार्थाने इतके मोठे दार उघडल्याची उदाहरणे थोडीच सापडतील, आणि त्या टिपणावर धर्मट्टींचे नाव असूनही ते मराठी वाचकांना जवळजवळ अपरिचित राहावे, ही खेदाची गोष्ट आहे.

त्यानंतर सुधारणा वेगाने झाल्या. शेजारशेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन केंद्रे मधल्या बंधांतील इलेक्ट्रॉनांमार्फत एकमेकांवर परिणाम करतात आणि त्यामुळे एकेका रेषेचे आणखी तुकडे होतात, हे १९५१ च्याच सुमारास हर्बर्ट गुटोव्स्की आणि एर्विन हान यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ओळखले. नमुन्याची नळी फिरती ठेवली तर क्षेत्रातील असमानता आपोआप सरासरीत विरून जाते, ही ब्लॉख यांची सूचना अमलात आल्यावर इथेनॉलच्या मधल्या रेषेच्या चार आणि टोकाच्या रेषेच्या तीन बारीक रेषा झालेल्या स्पष्ट दिसू लागल्या. रेषेच्या जागेवरून अणूचा शेजार आणि तिच्या तुकड्यांवरून शेजाऱ्यांची संख्या कळू लागली, आणि अज्ञात संयुगाची रचना ठरवण्यासाठी जेथे पूर्वी महिनोन्महिने रासायनिक विघटनाचे प्रयोग करावे लागत, तेथे आलेख वाचण्याची नवी विद्या जन्माला आली.

धर्मट्टी भारतात परतून ज्या संस्थेत दाखल झाले ती तेव्हा स्वतःच वयाने लहान होती. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये बंगळूरला सुरू केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्याच वर्षाअखेर मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात आली, १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी बांधलेल्या तिच्या कायमच्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ च्या जानेवारीत झाले. अणुऊर्जा, विश्वकिरण आणि गणित यांच्या या संस्थेत चुंबकीय अनुस्पंदनासारखा, वरवर पाहता रसायनशास्त्राकडे झुकणारा विषय रुजला याचे श्रेय धर्मट्टींना आणि त्यांना मोकळीक देणाऱ्या भाभांना, दोघांनाही द्यावे लागते. जवळजवळ त्याच काळात कोलंबिया विद्यापीठातून आलेल्या बी. वेंकटरामन यांनी इलेक्ट्रॉनच्या परिवलनावर आधारलेल्या भगिनी-तंत्राचा पाया तेथे घातला, आणि दोन्ही धारा एकमेकींना पोषक ठरल्या.

मुंबई हे त्या काळी देशातील एकमेव केंद्र नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ मध्येच वाहत्या द्रवातील अनुस्पंदनावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, आणि पुढे शरीरातील रक्तप्रवाह मोजण्याच्या तंत्रांचा पूर्वेतिहास सांगताना त्याचा उल्लेख होत राहिला. कोलकात्याला ए. के. साहा आणि टी. पी. दास यांनी १९५७ मध्ये या विषयावर इंग्रजीत एक भक्कम ग्रंथ लिहिला. तथापि एका पिढीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी अशी सलग शिष्यपरंपरा जशी मुंबईत उभी राहिली तशी फार थोड्या ठिकाणी राहिली. सी. एल. खेत्रपाल यांनी धर्मट्टींच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली, नंतर द्रवस्फटिकांत विरघळवलेल्या रेणूंच्या रचनेचा अभ्यास जगभर मान्यता पावेल इतका पुढे नेला, आणि उत्तरायुष्यात लखनौला वैद्यकीय अनुस्पंदनाचे केंद्र उभारले. आर. विजयराघवन यांनी हे तंत्र दुर्मिळ मृदा-मूलद्रव्यांच्या धातुसंयुगांकडे वळवले. गिरजेश गोविल यांनी सजीवांतील रेणूंची वाट धरली, आणि मुंबईच्या गटाचा पुढचा अध्याय त्याच वाटेवर लिहिला गेला.

या वाटेवर चालणे शक्य झाले ते मात्र यंत्रात झालेल्या दोन क्रांत्यांमुळे. व्हेरियन कंपनीचे १९६१ मधील ए-६० हे ६० मेगाहर्ट्झचे यंत्र जगभरच्या रसायनशाळांत पोहोचले, तरी त्याची पद्धत संथ होती. क्षेत्र किंवा कंप्रता हळूहळू बदलत एकेक रेषा क्रमाने टिपावी लागे, आणि बहुतेक वेळ रेषा नसलेल्या रिकाम्या जागेवरून सरकण्यातच जाई. स्वित्झर्लंडमधून व्हेरियनमध्ये आलेले रिचर्ड एर्न्स्ट आणि तेथील वेस्टन अँडरसन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात यावर तोड काढली. सर्व कंप्रता सामावणारा रेडिओलहरींचा एकच अल्पकालीन स्पंद सोडायचा, सर्व केंद्रांचा एकत्रित प्रतिसाद विरत जाईपर्यंत नोंदवायचा आणि फूर्ये यांच्या गणिती रूपांतराने त्यातून एकेक कंप्रता संगणकाकरवी वेगळी काढायची, अशी ही रीत होती. एका आलेखाला लागणाऱ्या वेळेत आता शेकडो प्रतिसाद घेऊन त्यांची बेरीज करता येऊ लागली आणि दुबळा संकेत गोंगाटातून वर आला. दुसरी क्रांती बेल्जियमच्या जाँ जीनर यांनी १९७१ मध्ये युगोस्लाव्हियातील एका उन्हाळी वर्गात मांडलेल्या कल्पनेतून झाली: एकाऐवजी दोन स्पंद द्यावेत, त्यांच्यामधला काळ क्रमाने वाढवत जावे आणि निकाल एका अक्षाऐवजी दोन अक्षांवर मांडावा, म्हणजे कोणते केंद्र कोणत्या केंद्राशी जोडलेले आहे याचा नकाशाच मिळतो. पुढे झुरिकला परतलेल्या एर्न्स्ट यांच्या गटाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली.

या झुरिकच्या कामात एका भारतीय संशोधकाचे नाव दोन निर्णायक ठिकाणी येते. अनिल कुमार यांनी एर्न्स्ट यांच्याबरोबर १९७५ मध्ये अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवण्याची फूर्ये पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजच्या एमआरआय यंत्रांतील प्रतिमानिर्मितीचा गाभा तीच आहे. पुढे १९८० मध्ये त्यांनी एर्न्स्ट आणि कुर्ट व्यूट्रिख यांच्यासह असा द्विमितीय प्रयोग मांडला की ज्यात सुमारे अर्ध्या नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेली हायड्रोजन केंद्रे, ती साखळीत दूरदूर असली तरी, एकमेकांशी जोडलेली दिसतात. प्रथिनाची लांब साखळी कशी घडी घालते हे या शेकडो अंतरांवरून गणिताने उभे करता येते. एर्न्स्ट यांना १९९१ चे आणि व्यूट्रिख यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अनिल कुमार बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवत राहिले आणि देशातील अनेक प्रयोगशाळांना त्यांनी विद्यार्थी पुरवले.

प्रथिनांचा अभ्यास करायचा तर ६० किंवा १०० मेगाहर्ट्झ पुरत नाहीत, कारण हजारो रेषा एकमेकींवर चढतात. त्यासाठी अतिसंवाहक तारांचे, द्रवरूप हेलियमच्या उणे २६९ अंश तापमानात सतत बुडवून ठेवावे लागणारे चुंबक हवे, आणि त्याची किंमत तेव्हा कोणत्याही एका विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरची होती. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कुलाब्याला उच्चक्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली आणि ११.७ टेस्लाचे, ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र तेथे आले. यंत्र एका संस्थेचे असले तरी त्यावरचा हक्क देशभरच्या संशोधकांचा, हे तत्त्व या सुविधेने पाळले, आणि मुंबईच्या गटाच्या सर्व शोधनिबंधांइतकेच, कदाचित अधिकच, महत्त्व या व्यवस्थेला द्यावयास हवे. कारण दूरच्या विद्यापीठातून आलेला संशोधक तेथे आपला नमुना घेऊन येई तेव्हा आलेखाबरोबर तो वाचण्याची रीतही घेऊन परत जाई. मुंबईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उभारलेल्या प्रादेशिक उपकरण केंद्राने लहान महाविद्यालयांसाठी हेच काम आणखी साध्या पातळीवर केले.

रामकृष्ण होसूर यांच्या गटाने या यंत्रांवर प्रथिनांच्या अशा अवस्थेकडे लक्ष दिले जिचा अभ्यास स्फटिकांवर क्ष-किरण टाकून करताच येत नाही, ती म्हणजे घडी उलगडलेली अवस्था. उलगडलेल्या साखळीत सर्व घटकांचा, म्हणजे अमिनो आम्लांचा, शेजार सारखाच भासतो आणि हायड्रोजनच्या रेषा एका पुंजक्यात गोळा होतात. मात्र नायट्रोजनच्या रेषा त्याही स्थितीत बऱ्याच विखुरलेल्या राहतात. या निरीक्षणाचा आधार घेऊन होसूर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये असे त्रिमितीय प्रयोग मांडले की ज्यांत साखळीतील एका घटकाच्या नायट्रोजनवरून थेट पुढच्या घटकाच्या नायट्रोजनवर जाता येते. एचआयव्ही विषाणूच्या प्रोटिएज या विकराची घडी कशी बसू लागते याचा अभ्यास त्यांनी या मार्गाने केला.

के. व्ही. आर. चारी आणि गोविल यांच्या गटाने निवडलेले प्रथिन नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. एन्टअमीबा हिस्टोलिटिका हा एकपेशीय परजीवी दूषित पाण्यातून शरीरात जातो आणि रक्ती आमांश उत्पन्न करतो. पावसाळ्यात ज्या पाड्यांवर पिण्याचे पाणी नाल्याकाठच्या झिऱ्यातून आणावे लागते तेथे हा आजार किती ओळखीचा आहे हे सांगावयास नको. या परजीवीतील कॅल्शियम बांधून घेणाऱ्या १३४ घटकांच्या एका प्रथिनाची त्रिमितीय रचना हनुदत्त आत्रेय, चारी, गोविल व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणातच, एनएमआरच्या साहाय्याने ठरवली आणि ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅल्शियमचे चार आयन धरणाऱ्या चार जागा आणि माणसाच्या शरीरातील तत्सम प्रथिनाहून असलेले त्याचे भेद या रचनेतून स्पष्ट झाले. परजीवीला अडवील पण माणसाला इजा करणार नाही असे औषध शोधावयाचे तर भेदांचे असे ज्ञान ही पहिली पायरी असते. शेकडो रेषांपैकी कोणती रेषा कोणत्या घटकाची हे ठरवण्याचे कंटाळवाणे काम संगणकाकडे सोपवणारी एक आज्ञावलीही याच गटाने त्याच सुमारास तयार केली, आणि संस्थेच्या नावाची आठवण ठेवणारे ‘टाटाप्रो’ हे नाव तिला दिले.

घन पदार्थांची कथा वेगळी आहे, आणि ती मुख्यतः पुण्याची आहे. द्रवात रेणू भराभर गडगडत असल्याने दिशेवर अवलंबून असलेले परिणाम सरासरीत पुसले जातात. घनात ते तसेच राहतात आणि रेषा पसरट होऊन निरुपयोगी ठरते. चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून नमुना सेकंदाला हजारो वेळा फिरवला तर रेषा पुन्हा बारीक होते, हे रेमंड अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवले होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. गणपती यांनी हे तंत्र रुजवले आणि तेल शुद्धीकरणात उत्प्रेरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या झिओलाइट खनिजांच्या चौकटीत सिलिकॉन व ॲल्युमिनियमची मांडणी कशी आहे हे त्यातून वाचता येऊ लागले.

खांडबारा आणि त्याच्या आसपासच्या आदिवासी पट्ट्यात, भिल्ल, पावरा, मावची समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि एनएमआरच्या उपयोगाचा विचार करताना तो डावलता येत नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने, ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील संशोधकांनी पेशींतील पाण्याच्या हायड्रोजनचा शिथिलन काळ, म्हणजे स्पंदानंतर संकेत विरण्यास लागणारा अवधी, मोजला आणि तंतू तयार होऊ लागताच तो घटतो हे दाखवले. पेशी न फोडता, आतली प्रक्रिया घडत असतानाच तिचा मागोवा घेता आला. निदानासाठी मात्र आजही मुख्यतः विद्राव्यता चाचणी आणि हिमोग्लोबिन वेगळे करणाऱ्या चाचण्या वापरल्या जातात, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातही त्या वापरल्या जातात. एनएमआरने येथे आजाराची यंत्रणा उलगडण्यास हातभार लावला; गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत ते पोहोचलेले नाही.

एकविसाव्या शतकातील प्रगती दोन विरुद्ध दिशांनी झाली आहे. एका टोकाला चुंबके प्रबळ होत गेली: २००९ मध्ये फ्रान्सच्या लिओं येथे १००० मेगाहर्ट्झचे आणि २०२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स विद्यापीठात १२०० मेगाहर्ट्झचे, २८.२ टेस्लाचे यंत्र बसले, ज्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या पाच लाख पटींहून अधिक आहे. त्याबरोबर संकेत वाढवण्याचे आडमार्गही सापडले. इलेक्ट्रॉनचे चुंबकीय परिबल प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असते. नमुन्यात अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले द्रव्य मिसळून सूक्ष्मलहरींनी त्याची शिस्त केंद्रांकडे सोपवावी, ही अल्बर्ट ओव्हरहाउझर यांच्या १९५३ मधील कल्पनेवर आधारलेली युक्ती आता नित्याच्या प्रयोगांत उतरली आहे. इस्रायलच्या लुसिओ फ्रायडमन यांनी २००२ मध्ये द्विमितीय नकाशा तासांऐवजी एका स्पंदमालिकेत, सेकंदाच्या अंशात मिळवण्याची रीत दाखवली.

दुसऱ्या टोकाला यंत्र लहान होत गेले. कायम चुंबकावर चालणारी, हेलियमची गरज नसलेली, टेबलावर मावणारी ६० ते १०० मेगाहर्ट्झची यंत्रे आता बाजारात आहेत. २०१४ मध्ये सिंगापूर व अमेरिकेतील संशोधकांनी अशाच एका छोट्या उपकरणाने रक्ताच्या थेंबातील हिवताप ओळखून दाखवला. परजीवी हिमोग्लोबिन पचवून मागे ठेवतो त्या लोहयुक्त स्फटिकांमुळे आसपासच्या पाण्याचा शिथिलन काळ घटतो, एवढ्या एकाच खुणेवर ती चाचणी आधारलेली होती. तापी खोऱ्यातील हिवतापग्रस्त गावांत असे उपकरण उपयोगी पडायचे तर त्याची किंमत, टिकाऊपणा आणि रक्ताच्या चाचणीपट्टीपेक्षा अधिक विश्वासार्हता या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतील. महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. टेबलावरच्या या यंत्राची कंप्रता १९६१ च्या ए-६० इतकी किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यावर इथेनॉलच्या तिन्ही रेषा त्यांच्या बारीक तुकड्यांसह काही मिनिटांत मिळतात. रसायनशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याने त्या पुस्तकातील छापील आकृतीत पाहण्याऐवजी स्वतः भरलेल्या नळीतून काढाव्यात, यासाठी नंदुरबार, नवापूर आणि शहादा येथील महाविद्यालयांनी मिळून एक यंत्र घेणे आता अशक्य राहिलेले नाही.